जयंतीची गर्दी आणि पिण्याचं पाणी
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेलं भाषण)



विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडला होता. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं आणि दोघांनी उचलून मंचकावर निजवलं.

ही झाली सेवा. पण आजार होऊच नये म्हणून काय करायचं? १४ एप्रिलला आपल्या बीड जिल्ह्यात ऊन मी म्हणत असतं. मिरवणुकीत सरबत, थंड पाणी, खीर वाटली जाते. टँकर कुठल्या विहिरीवर भरला, हे मात्र कोणी विचारत नाही! गॅस्ट्रो, कॉलरा, कावीळ अशाच पाण्यातून येतात. पाण्यात टी.सी.एल. टाकल्यावर अर्धा तास थांबा, आरोग्यसेवकाकडून ओ.टी. टेस्ट करून घ्या, पाणी पिवळं झालं तरच वाटा. बाजारातली बर्फाची लादी सरबतात नकोच. आणि ज्याला जुलाब लागलेत त्याने त्या दिवशी वाढायला उभं राहू नये, मग तो जयंती मंडळाचा अध्यक्ष का असेना.

२०२० साली कोरोनामुळे आपण जयंती घरातच केली, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न जाता घरूनच अभिवादन केलं. दीक्षाभूमीचा सोहळाही त्या वर्षी झाला नाही. काहींच्या जिवाला ते लागलं. मला विचाराल तर, घरातली म्हातारी माणसं जपणं ही श्रद्धेतली कसूर नव्हती.

यंदा स्टेजजवळ ओ.आर.एस.ची पाकिटं ठेवू या. मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात. आणि मायांनो, जुलाब झालेल्या लेकराचं पाणी तोडू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!