मांडीवरील खळगे : व्याधी की देहस्वभाव?
(वार्षिक महिला मेळाव्यातील भाषण)



विषय ऐकून मागच्या रांगांत हसू उमटले. तरीही तो मी मुद्दाम निवडला आहे. अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, लग्न ठरलेल्या मुली मांड्यांवरील खळग्यांच्या धास्तीने महागड्या उपचारांचे हप्ते भरताना दिसतात. कित्येकजणी त्यापायी पोहणे सोडतात. अंधेरीस शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलासारखा तलाव असताना ही स्थिती व्हावी, याचे मला वाईट वाटते.

या खळग्यांस सेल्युलाइट म्हणतात. शब्द फ्रेंच, तेथील वैद्यकीय कोशात तो १८७३ साली आला, आणि अमेरिकेतील ‘व्होग’ मासिकाने १९६८ साली त्याचा गाजावाजा केला. देह जुनाच, धास्ती तेवढी नवी!

पिंजाऱ्याने भरलेली गादी आठवा. टाका बसतो तेथे खळगा पडतो, मधला कापूस फुगून वर येतो. आपल्या त्वचेखाली चरबीचा थर असतो आणि त्यातून चिवट तंतू त्वचेला खालच्या थराशी बांधून ठेवतात. स्त्रियांत हे तंतू बहुधा उभे असतात, पुरुषांत तिरपे व जाळीदार. म्हणून पुरुषांत खळगे क्वचितच दिसतात. वयात आलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ८० ते ९० जणींस ते कमीअधिक असतातच, सडपातळ स्त्रियांसही. ‘अंगात विष साठले’ वगैरे जे सांगतात, ते निखालस खोटे.

आता उपाय. मालिशाने टाका तुटत नाही; दिसणारा फरक अल्पकाळ टिकतो. कॅफीनयुक्त मलमाचेही तेच. रेटिनॉलचे मलम सुमारे सहा महिने लावल्यास त्वचा किंचित जाड होऊन खळगे थोडे झाकतात. मात्र गर्भवतींनी ते वापरू नये. सुईने तंतू कापण्याची शस्त्रक्रिया काहींस गुण देते, पण ती कुशल त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करावी. आपल्या सावळ्या त्वचेवर डाग दीर्घकाळ राहू शकतात. तंतू विरघळविणाऱ्या एका इंजेक्शनास अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. त्याने त्वचा काळीनिळी पडे. अखेर २०२२ च्या शेवटी कंपनीनेच ते बंद करण्याचे जाहीर केले. हे ऐकून तरी हप्ते भरणाऱ्यांनी थांबून विचार करावा.

घरच्या घरी काय करावे? उठाबशा काढाव्यात, जिने चढावेत, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी झपाझप चालावे. स्नायू भरले की वरची त्वचा सपाट दिसते. उपासतापास करून झटपट वजन उतरविल्यास मात्र खोळ सैल पडते आणि खळगे उलट अधिक दिसतात.

आणखी एक, आणि हे घरातील पुरुषांनीही ऐकावे. सेल्युलायटिस हे नाव ऐकण्यास सारखे, पण तो निराळाच व गंभीर जंतुसंसर्ग आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यावर, बोटांच्या बेचक्यांतील चिरांतून जंतू शिरतात. मधुमेही माणसास धोका अधिक. पाय लाल, गरम, सुजलेला व दुखरा झाला, ताप आला, तर तेल चोळीत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.