घरांतला बिऱ्हाडकरू



ताप म्हटला कीं डासांची शंका येते, आणि डास म्हटले कीं डोळ्यांपुढें उभें राहतें तें गांवाबाहेरचें डबकें, तुंबलेलें गटार किंवा खाडीकांठची दलदल. पनवेलसारख्या खाडीच्या व भातखाचरांच्या मुलुखांत वाढलेल्या माणसास तर हें चित्र लहानपणापासून परिचयाचें असतें. तें सर्वस्वीं खोटें नाहीं; डासांच्या कित्येक जाती तेथेंच वाढतात. परंतु डेंग्यू, अर्थात् हाडमोड्या ताप, याच्या बाबतींत हेंच चित्र आपणांस फसवितें, आणि म्हणूनच आज त्याविषयीं चार शब्द बोलावयाचें योजिलें आहे.

पनवेलच्याच खांदा कॉलनीचें उदाहरण घ्या. सिडको ही संस्था १९७० सालीं स्थापन झाली आणि तिच्या आंखणींत रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस ही वसाहत उभी राहिली. क्रमांक दिलेले सेक्टर, पक्क्या इमारती, प्रत्येक इमारतीची सोसायटी, अशी येथील रचना. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिकाहि अस्तित्वांत आली. अशा आंखीव वस्तींत या ज्वराचें काय काम, असें कोणासहि वाटेल. पण खरी गोष्ट उलट आहे. हा ज्वर पक्क्या वस्तींतच अधिक रमतो. कारण तो पसरविणारा डास दलदलीचा रहिवासी नसून आपल्याच घरांतला बिऱ्हाडकरू आहे.

एडिस इजिप्ती हें या डासाचें शास्त्रीय नांव. अंगावर व पायांवर पांढरे पट्टे ही त्याची खूण. डेंग्यूशीं त्याचा संबंध असल्याचा पुरावा १९०६ सालीं बँक्रॉफ्ट यांनीं ऑस्ट्रेलियांत मांडला. रोगाचा विषाणू १९४३ सालीं जपानांत होत्ता व किमुरा या संशोधकांनीं वेगळा केला. या डासाची मादी रात्रीं नव्हे, तर दिवसां चावते. विशेषतः सकाळीं आणि सूर्यास्तापूर्वीं. म्हणजे मच्छरदाणी गुंडाळून ठेवल्यावर आणि मुलें अर्ध्या चड्डींत शाळेस निघालीं असतां तिचा उद्योग चालू होतो. अंडीं घालण्यास तिला घाण पाणी नको. स्वच्छ, स्थिर पाणी हवें. कुंडीखालची बशी, फ्रिजच्या पाठीमागचें ताटलें, सज्जांत ठेवलेलें पिंप, गच्चीवरच्या टाकीचें फुटकें झांकण, अर्धवट बांधलेल्या इमारतींत सांचलेलें पाणी, एवढें भांडवल तिला पुरतें. जेथें नळाचें पाणी ठराविक वेळींच येतें, तेथें तें भरून ठेवणें गृहिणीस भागच आहे. परंतु उघडें ठेवणें भाग नाहीं.

अंड्यापासून उडणारा डास होण्यास साधारणपणें आठ ते दहा दिवस लागतात. आपल्या हातीं असलेलें शस्त्र तें हेंच. आठवड्यांतून एकदां घरांतील सारीं भांडीं रिकामीं केलीं, तर एकहि अळी पंख फुटेपर्यंत जगणार नाहीं. सरकारी आरोग्यखातें ज्यास कोरडा दिवस म्हणतें, त्याचें मर्म तें हेंच. मात्र नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. अंडीं पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेस चिकटलेलीं असतात आणि कोरडीं राहूनहि कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून भांडें घासलें पाहिजे.

धुराचें यंत्र गल्लींतून गेलें कीं आपणांस हायसें वाटतें. त्या धुरानें उडते डास मरतात, पण पिंपांतील अळ्यांना त्याची झळ लागत नाहीं. महापालिकेचा माणूस आपल्या स्वयंपाकघरांतील ताटलें रोज तपासूं शकत नाहीं. शिवाय हा डास बहुधा शें-दोनशें मीटरांपलीकडे जात नाहीं. याचा अर्थ असा कीं, एका सज्जांतील आळसाचें शासन पलीकडच्या इमारतींतील बालकास भोगावें लागतें. हा प्रश्न केवळ आरोग्याचा नाहीं, शेजारधर्माचाहि आहे.

इतकी दक्षता घेऊनहि घरांत कोणी आजारी पडलें, तर एक गोष्ट विसरूं नये. एकाएकीं चढलेला ताप, डोळ्यांमागें ठणका, सांधे व स्नायू यांत वेदना, हीं या ज्वराचीं लक्षणें. ताप दोन ते सात दिवस राहतो आणि उतरला कीं घर सुटकेचा निःश्वास टाकतें. खरें संकट नेमकें तेव्हांच येऊं शकतें! ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत कांहीं रोग्यांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपूं लागतो. पोटांत तीव्र वेदना, वारंवार वांति, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थता किंवा ग्लानि, यांपैकीं एकहि चिन्ह दिसल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. पपईच्या पानांचा रस आणि शेळीचें दूध यांच्या शोधांत तो मोलाचा वेळ दवडूं नये. पॅरासिटामॉल चालतें, तेंहि डॉक्टरांनीं सांगितलेल्या प्रमाणांत. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मात्र घेऊं नये, कारण त्यांनीं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकाचा ज्वर येऊन गेला म्हणजे त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतें, इतर तिहींपासून मिळत नाहीं. उलट दुसऱ्या प्रकाराची बाधा अधिक गंभीर होण्याचा संभव असतो. तेव्हां 'मला एकदां होऊन गेला' या भरंवशावर कोणीं राहूं नये. हा रोग पैसा वा प्रतिष्ठा पाहत नाहीं. २१ ऑक्टोबर २०१२ रोजीं विख्यात चित्रपट-दिग्दर्शक यश चोप्रा यांस मुंबईंत यानेंच नेलें.

विषाणूला मारणारें खास औषध अद्यापि हातीं नाहीं. म्हणून डासाची उत्पत्ति रोखणें हाच राजमार्ग. आठवड्यांतील एक वार ठरवावा, सोसायटीच्या फलकावर तो लिहावा आणि त्या दिवशीं अर्धा तास प्रत्येक घरानें कुंड्या, पिंपें व टाक्या यांस द्यावा. मुलांनाहि या कामांत घ्यावें. अळी ओळखण्यास त्यांचे डोळे आपल्याहून तीक्ष्ण असतात. भाडें न देणाऱ्या आणि वर घरच्यांच्या जिवावर उठणाऱ्या या बिऱ्हाडकरूस बाहेर काढण्यास कोर्टाची पायरी चढावी लागत नाहीं. एक घासणी पुरेशी आहे.