रुग्णालयातून घरी परतल्यावर
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषणाचे शब्दांकन)



अपघातात किंवा उंचावरून पडून एखाद्या बालकाच्या मेंदूस इजा झाली की रुग्णालयात आप्तेष्टांची रीघ लागते. मूल घरी आले, चालू-बोलू लागले, की ‘संकट टळले’ असे मानून आपण निश्चिंत होतो. वस्तुतः त्या कुटुंबाची खरी कसोटी तेथून सुरू होते.

मोडलेल्या हाडाचे प्लास्टर दिसते. मेंदूची इजा दिसत नाही. मूल लवकर थकते, सांगितलेले विसरते, क्षुल्लक कारणाने संतापते. यास हट्ट वा आळस म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. वाढत्या वयात मेंदू घडत असल्यामुळे काही उणिवा तर अभ्यास कठीण होऊ लागल्यावर, वर्षांनंतरही प्रकट होतात. म्हणून ‘अजून बरा नाही का?’ हा प्रश्न त्याच्या आईला पुनःपुन्हा विचारू नये.

मग आपण काय करावे? भेटीस जावे, पण थोडा वेळ आणि गलबला न करता. ऐकीव उपाय सुचवू नयेत. फिट येऊ नये म्हणून दिलेले औषध परस्पर थांबवणे धोक्याचे असते. आठवड्यातून दोन तास मुलाजवळ बसावे, म्हणजे त्या माउलीस निवांत झोप मिळेल. फिजिओथेरपीस नेण्याच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. आणि भावंडास विसरू नये. घराचे सारे लक्ष एकाकडे वळले की दुसरे मूल अबोल होते. त्याचा अभ्यास घ्यावा, त्यास मैदानावर न्यावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांचीही तरतूद त्यात आहे. परंतु प्रमाणपत्रासाठी खेटे घालणे, शाळेस समजावणे हे खचलेल्या पालकांस एकट्याने झेपत नाही. आपल्यातील निवृत्त शिक्षक व अधिकारी यांनी हा भार उचलावा.

औषधोपचारासाठी देणगी देणारे हात समाजात आहेत. आता वेळ देणारे हात हवेत. अशा एका कुटुंबामागे चार घरांनी निदान वर्षभर उभे राहावे, एवढाच संकल्प आज आपण करूया.