विक्रीला निघालेली पेढी



दिवसभराचे ऊन सोसून आपण येथे आलात. तेव्हा फार लांब न जाता आपल्याच जिल्ह्यातील एका दाराशी आपल्याला नेण्याचा आमचा विचार आहे. हिंगणघाटात एका जुन्या पेढीच्या दारावर 'विकणे आहे' अशी पाटी आम्ही पाहिली. पुढे ओसरी, आत गादीची बैठक, मागे कापसाची वखार. आत दोन गृहस्थ मोजमाप करीत होते. सागवानी खांब किती, विटा किती, जागा किती. हिशेब झटपट झाला. कोपऱ्यात लाल बांधणीच्या चोपड्यांचा ढीग होता. "आणि हे?" एकाने विचारले. "रद्दी," दुसरा म्हणाला.

त्या एका शब्दासाठी आजचे हे भाषण आहे.

अशा पेढ्या उभ्या राहिल्या कशा? १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६२ साली नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा झाला. १८६७ मध्ये आगगाडी नागपुरास पोचली. पुढे वर्ध्याहून हिंगणघाटावरून वरोऱ्यापर्यंत फाटा गेला, तो मुख्यतः वरोऱ्याच्या कोळशासाठी. कोळशासाठी टाकलेल्या रुळांवरून हिंगणघाटचा कापूसही चालू लागला. १८८१ साली येथे बन्सीलाल अबीरचंद यांची गिरणी निघाली. अडत्ये, दलाल, मुनीम, हमाल, जिनात राबणाऱ्या बाया, या सर्वांचे पोट त्या पांढऱ्या मालावर चालू लागले.

आता वरोऱ्याची खाण १९०६ साली बंद झाली. खाणीच्या गावाचे दुःख समजण्याजोगे आहे. उपसलेला कोळसा पुन्हा उगवत नाही. पण बोंडे दर हंगामाला फुटतात. हिंगणघाटच्या बाजारात आजही कापूस येतो, जिनिंगचे कारखाने चालतात. मग पेढी ओस का पडली? कारण माल राहिला, व्यवहार हलला. १९७२ साली राज्य सरकारने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली आणि खाजगी अडतीचा कणाच मोडला. खाजगी खरेदीला पुन्हा वाट मिळाली, तोवर जग बदलले होते. आज भाव फोनवर कळतो, पैसा बँकेतून येतो, माल थेट कारखान्याच्या आवारात उतरतो. गादीवर बसण्याचे कारणच उरले नाही.

अशा वेळी वारसांनी घर विकावयास काढले, तर त्यांना दोष देणे आम्हांला पटत नाही. कर भरावयाचा त्यांनी, गळके छप्पर सांभाळावयाचे त्यांनी, वाटण्यांचे भांडण सोसावयाचे त्यांनी. आणि 'इतिहास जपा' असे सांगणारे आम्ही कौले फिरवायला मात्र येत नाही! जमनालाल बजाज हेही व्यापारीच. त्यांनी वर्ध्यातील आपली बाग ग्रामोद्योग संघाला देऊन टाकली, तिची मगनवाडी झाली आणि १९३८ साली तेथे गांधीजींच्या हस्ते संग्रहालय उघडले. पण प्रत्येकाने जमनालाल व्हावे, ही अपेक्षा न्यायाची नव्हे.

पेढी म्हणजे देऊळ होते, असेही कोणी समजू नये. त्या गादीवर भाव ठरले, तसे व्याजही चढले. याच चोपड्यांतून कित्येक कुणब्यांची शेते सावकाराच्या नावावर गेली. आम्ही म्हणतो, म्हणूनच त्या जपाव्यात. ज्यांचे गेले, त्यांच्याकडे कागद नव्हता. त्यांच्या घामाचा आणि कर्जाचा जो काही लेखी पुरावा आहे, तो शेटजींच्याच वहीत आहे. ती वही रद्दीत गेली की शेटजींबरोबर कुणबीही पुसला जातो.

नागपुरात टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली. मिल बंद पडली, तिच्या जागी व्यापारी संकुल उभे राहिले, आणि नाव तेवढे राहिले. उलट जर्मनीत एसेन शहरातील झोलफेराइन ही कोळशाची खाण १९८६ साली बंद झाली. तिच्या इमारती पाडल्या नाहीत, त्यांत संग्रहालय आले, आणि २००१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटले. तेवढा पैसा आपल्याजवळ नाही. पण तीन गोष्टींना फार पैसा लागत नाही.

पहिली, विक्रीपूर्वी वास्तूचे नकाशे आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. दुसरी, चोपड्या वारसांच्या संमतीने एखाद्या ग्रंथालयाने मागून घ्याव्यात. तिसरी, नगरपालिकेने विकास आराखड्यात अशा वास्तूंची नोंद करावी; १९६६ च्या नगररचना कायद्यात तशी तरतूद आहे. दर्शनी भाग राखून आत दुकान, वाचनालय, दवाखाना, काहीही चालवावे. वास्तू वापरात राहिली तरच टिकते.

पेढी विकली जाईल. ती विकू नका, असे आम्ही म्हणत नाही. खांबांची, विटांची, जागेची किंमत व्यापारी बरोबर लावील, तो त्याचा धंदा आहे. रद्दी कशाला म्हणावयाचे, हे मात्र गावाने ठरवावे. मोजपट्टी गुंडाळली जाण्यापूर्वी आपल्यापैकी दोघाचौघांनी त्या दारात जाऊन एवढेच विचारावे, "त्या चोपड्या आम्हांला द्याल का?"