हौस हवी, घाई नको



गाणी संपली आहेत आणि जेवण अजून लागायचं आहे. अशा वेळी बोलायला उभं राहणाऱ्याने थोडक्यात आटपावं, एवढी समज आम्हा दोघांना आहे. समितीने विषय दिला, 'ऑनलाइन खरेदीची आवड आणि तिला आवर'. आम्ही दोघंही इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरमध्ये आलेलो. विकणाऱ्या वेबसाइट आतून कशा चालतात हे आमच्या धंद्यातलं असल्यामुळे आम्हाला पुढे केलं असावं.

आधी हे सांगतो की आम्हाला खरेदी आवडते. आपण सगळेच त्यात वाढलो. लग्नाचा बस्ता, दिवाळीचे कपडे, पाडव्याला घरात येणारी नवी वस्तू. हौसेला मोल नाही असं आपल्याकडे म्हणतातच. पण जरा आठवून बघा, त्या खरेदीला वेळ किती लागायचा! बस्त्याला दहा माणसं जायची, चाळीस साड्या उलगडल्या जायच्या, कुणीतरी आत्या नाक मुरडायची, भावावरून घासाघीस व्हायची, आणि कधीकधी काहीच न घेता सगळे उसाचा रस पिऊन घरी. हौस भरपूर होती, घाई नव्हती. आमचं भांडण हौसेशी नाही, घाईशी आहे.

ही घाई आपोआप येत नाही, ती बनवली जाते. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक आणि पैसे यांच्यामध्ये येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला 'अडथळा' म्हणतात. पत्ता लिहायला लावणं हा अडथळा, कार्डाचे आकडे टाकायला लावणं हा अडथळा, 'नक्की घ्यायचंय ना?' हा प्रश्न तर फारच मोठा अडथळा. कुठल्या पानावर किती लोक परत फिरले हे मोजलं जातं आणि तो अडथळा काढला जातो. एका क्लिकमध्ये खरेदी ही कल्पना अमेझॉनने १९९७ साली पेटंटसाठी दिली, १९९९ मध्ये पेटंट मिळालं, आणि २०१७ मध्ये त्याची मुदत संपल्यावर ती सगळ्यांना मोकळी झाली. त्याच वर्षी डिसेंबरात अमेझॉनचं दुकान ऑस्ट्रेलियात उघडलं, हा निव्वळ योगायोग! 'फक्त २ शिल्लक' ही पाटी, उलटं धावणारं घड्याळ, हे कुठे ठेवलं तर जास्त खपतं याचे प्रयोग होतात. अर्ध्या लोकांना एक पान, अर्ध्यांना दुसरं. तेव्हा रात्री साडेअकराला फोनवर काही घेतलं गेलं, तर 'माझा मनावर ताबाच नाही' असं स्वतःला लावून घेऊ नका. समोर पगारी माणसांची अख्खी टीम बसलेली आहे.

आता या देशातली गोष्ट. इथे 'लेबाय' नावाची जुनी पद्धत आहे. नवीन आलेल्या मुलांना ती ठाऊक नसते, म्हणून सांगतो. दुकानात वस्तू पसंत करायची, थोडे पैसे भरायचे, दुकानदार ती तुमच्या नावाने बाजूला ठेवणार. मग हप्ते भरत राहायचं, शेवटचा हप्ता दिला की वस्तू घरी. जून-जुलैच्या खेळण्यांच्या सेलमध्ये सायकल लेबायवर ठेवून नाताळपर्यंत फेडणारी कुटुंबं इथे पिढ्यान्‌पिढ्या होती. २०११ पासूनच्या ग्राहक कायद्यात लेबायचा करार लेखी असावा लागतो, आणि वस्तू ताब्यात येईपर्यंत तुम्ही तो रद्दही करू शकता. दुकानदार रद्द करण्याचा वाजवी खर्च कापून बाकीचे पैसे परत देतो. म्हणजे हप्त्यांच्या त्या दोन-चार महिन्यांत मन बदललं, तर तशी सोय आहे.

आणि २०१४ साली आपल्या याच सिडनीत निक मोल्नार आणि अँथनी आयझेन या दोघांनी आफ्टरपे काढलं. चार सारखे हप्ते, पहिला खरेदीच्या वेळी, बाकीचे दर पंधरवड्याला, व्याज नाही, उशीर झाला तर दंड. वरवर पाहिलं तर लेबायच. फरक एकच, वस्तू आधी घरी येते. पण सगळं त्या एका फरकात आहे. मधला थांबण्याचा काळ गेला, आणि त्याबरोबर मन बदलण्याची संधीही गेली. कल्पना इतकी चालली की २०२१ मध्ये अमेरिकेतल्या स्क्वेअर कंपनीने सुमारे ३९ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरना ती घेण्याचं जाहीर केलं. इंजिनिअर म्हणून आम्हाला त्या साधेपणाचं कौतुकच वाटतं. किराणा दुकानात 'आज रोख उद्या उधार' ही पाटी वाचत वाढलेल्यांना मात्र थोडं दचकायला होतं.

कारण उधारी ती उधारीच. इथल्या असिक या सरकारी नियामकाने २०१८ मध्ये अहवाल दिला. अशा सेवा वापरणाऱ्या सहांपैकी एकाच्या खात्यात पैसे उरले नव्हते, किंवा त्याची दुसरी बिलं लांबली होती, किंवा आणखी कर्ज काढावं लागलं होतं. २०२० च्या अहवालात पाचातल्या एकाने जेवणासारख्या गरजेच्या गोष्टींत काटकसर केली होती. व्याज नाही म्हणून हे बरेचसे व्यवहार कर्जाच्या कायद्याबाहेर राहत. १० जून २०२५ पासून तसं नाही. या कंपन्यांना कर्ज देण्याचा परवाना लागतो, आणि गिऱ्हाइकाला परवडेल का हे तपासावं लागतं. आपल्या मंडळींपैकी कुणी घर घेण्याच्या तयारीत असेल तर हे लक्षात ठेवावं, की गृहकर्ज देणारी बँक खात्याचे उतारे वाचते, आणि त्यात हे छोटे हप्तेही दिसतात.

आम्ही दोघं काय करतो? काढून टाकलेले अडथळे परत घालतो. फोनमध्ये आणि वेबसाइटवर साठवलेलं कार्ड काढून टाकलं. आकडे टाकायचे तर उठून पर्स आणावी लागते, आणि अर्ध्या वेळा उठायचा कंटाळाच जिंकतो! घ्यावंसं वाटलेलं सगळं फ्रिजवरच्या कागदावर लिहायचं, तारखेसकट, आणि शनिवारी चहाच्या वेळी वाचायचं. दहांतल्या सहा-सात गोष्टी वाचताना हसू येतं. उरलेल्या मजेत घ्यायच्या, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. दुकानांचे ईमेल बंद करण्याची सोय देणं स्पॅम कायदा २००३ प्रमाणे बंधनकारक आहे, आणि कळवल्यावर पाच कामाच्या दिवसांत ते थांबले पाहिजेत. नोव्हेंबरात दिवाळीपाठोपाठ ब्लॅक फ्रायडे येतो, त्याआधी एका दुपारी हे काम उरकून घ्यावं.

'नाही आवडलं तर परत करू' यावर फार भिस्त ठेवू नका. वस्तू सदोष असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. नुसतं मन बदललं म्हणून पैसे परत द्यायला दुकान बांधील नाही, ते त्याच्या मर्जीवर.

आणखी एक ब्रेक आपल्यापाशी होता. नवीन आलो की प्रत्येक डॉलरचे रुपये करतो. कॉफीचा कप हातात घेऊन 'बाप रे, एवढे रुपये!' दोन-तीन वर्षांत ही सवय जाते, जायलाच हवी, नाहीतर इथे जगता येणार नाही. पण तिच्या जागी दुसरं काही येत नाही. आम्ही डॉलरचे तास करतो. कर कापून तासाला हातात किती येतात ते एकदा काढून ठेवलं, आता प्रत्येक किंमत तासांत वाचतो. शंभर डॉलरचा मिक्सर चार तासांचा की सहा तासांचा, हे कळलं की हौस खरी का खोटी ते लगेच ठरतं.

विद्यार्थी म्हणून आलेल्या मुलामुलींसाठी थोडं वेगळं. घरी सांगायची लाज वाटते, म्हणून हप्ते साठत जातात आणि एक हप्ता भरायला दुसरीकडे खातं उघडलं जातं. त्या टप्प्यावर कागद आणि फ्रिज कामाचे नाहीत. नॅशनल डेट हेल्पलाइन, १८०० ००७ ००७. फुकट आहे, गुप्त आहे, आणि पलीकडे बोलणारे प्रशिक्षित सल्लागार कंपनीशी हप्त्यांबद्दल बोलायला मदत करतात. तरुण मुलांची ज्यांच्याकडे ये-जा आहे अशा काका-काकूंनीही हा नंबर लिहून ठेवावा. मुलं पहिल्यांदा तुमच्याकडेच जेवायला येतात.

साठवलेलं कार्ड कसं काढायचं हे ज्यांना हवं असेल, त्यांनी जेवताना फोन घेऊन आमच्या टेबलाशी यावं, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त आधी दाराजवळच्या देणगीच्या टेबलावर जाऊन या, तिथे कार्ड चालतं.