परतीच्या बसमध्ये बसविलेला संसार
(देवगाव फाटा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेले भाषण)



मुंबईच्या बेघरांची चर्चा देवगाव फाट्यावर कशासाठी, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. परंतु फुटपाथवरील संसाराचा प्रारंभ मुंबईत होत नाही. गाठोडे आणि लेकरे घेऊन अशाच एखाद्या फाट्यावर गाडीची वाट पाहणाऱ्या कुटुंबापासून तो होतो. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्याला हे निराळे सांगावयास नको.

१३ जुलै १९८१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हुसकावून मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. भर पावसाळ्यात झोपड्या पाडल्या गेल्या. फुटपाथवरील दोन संसारांची हकिकत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच नमूद आहे. एक सेलमचा भूमिहीन मजूर. दुष्काळाने बेकार होऊन १९६१ साली मुंबईस आलेला, रोज २३ रुपये मिळविणारा. दुसरा संगमनेरचा चर्मकार. गावातले घर कोसळले म्हणून १९६९ साली आलेला बदली कामगार, पगार महिना ३५० रुपये. फुटपाथवरील जागेसाठी त्याने गुंडाला ३०० रुपये मोजले, बांबू व प्लॅस्टिकला ७०० लागले. म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांची कमाई! यांनाच शहरातील सुखवस्तू माणसे ‘फुकटे’ म्हणतात.

सेलमच्या मजुराला कुटुंबासह बसमध्ये घालून गावी पाठविण्यात आले. पुढे काय झाले? बायको आणि मुली गावी राहिल्या. तो मात्र कामासाठी मुंबईस परतला आणि पुन्हा फुटपाथवरच राहू लागला. शासनाच्या धोरणाने फुटपाथ मोकळा झाला नाही, संसार मात्र दुभंगला.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या पीठाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असे मान्य केले. हे थोर तत्त्व खरे. पण त्याच निकालाने फुटपाथवर राहण्याचा हक्क नाकारला. पर्यायी जागेचा दिलासा मुख्यतः १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांपुरता राहिला. पोट मान्य, छप्पर अमान्य!

जमीन नव्हती, असे मात्र कोणी म्हणू नये. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा होता. त्याच्या आधारे मृणालताई गोरे, बाबुराव सामंत प्रभृतींच्या नागरी निवारा परिषदेने गोरेगावात हजारो सामान्य कुटुंबांची घरे उभी करून दाखविली. तो मार्ग रुंद करण्याऐवजी महाराष्ट्राने २००७ मध्ये हा कायदाच गुंडाळला.

आणि गावाकडे? रोजगार हमीचा कायदा १९७९ च्या जानेवारीपासून अमलात होता. ज्या शासनाने कामाची हमी दिली, त्यानेच दोन वर्षांनी बस पाठविल्या. परतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोणत्या कामावर घेतले जाईल, हे बसमध्ये बसविणाऱ्यांनी सांगावयास हवे होते. या फाट्यावरून जाणाऱ्या कुटुंबाला अडविण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्याला गावात काम का मिळाले नाही, हे तहसील कचेरीत विचारण्याचा मात्र येथील प्रत्येक कार्यकर्त्याला आहे.