दारू सोडणाऱ्यांची बैठक सुप्याला पाहिजे
(सुपा येथील शिबिरात केलेलं भाषण)



सकाळपासून आपण प्लॉटचं बोललो. आता जे बोलायचं ते आपण एरवी जेवणं झाल्यावर, अंधारात, हळू आवाजात बोलतो. आज सगळ्यांसमोर बोलू.

आपल्यातलाच एक भाऊ. नाव सांगणार नाही. मोर्च्यात सगळ्यात पुढं, घोषणा त्याचीच. जंगलखात्याच्या दंडाच्या पावत्या त्याच्या बापानं पत्र्याच्या डब्यात जपल्या होत्या. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासून आपण जमीन कसतो, हे तेव्हा दाखवायला लागायचं, आणि ते दाखवायला आपल्याकडं दुसरं काय होतं? चौकशीच्या दिवशी तो पिऊन आला आणि पिशवी अड्ड्यावर राहिली. पावत्या परत मिळाल्या नाहीत. बापानं दंड भरून राखलेलं रान पोरानं एका दुपारी घालवलं.

आम्ही काय केलं? शिव्या दिल्या. देवापुढं शपथ घ्यायला लावली. वर दंड केला. दंड भरायला त्यानं उसने पैसे काढले, आणि त्या काळजीनं पुन्हा प्यायला.

कोणी म्हणालं, राळेगणसिद्धी इथून जवळच आहे, तसं करा. राळेगणनं दारू हटवली, गाव उभं केलं, ते खरंच. पण तिथं पिणाऱ्याला खांबाला बांधून मारलं, हेही सगळ्यांना माहीत आहे. आम्हाला ते पटत नाही. आदिवासीला सावकारानं बांधलं, गार्डानं बांधलं. आता आपणच आपल्या माणसाला बांधायचं का?

शहाद्याकडं भिल्ल बायांनी दारूची मडकी फोडली. तो आपला अभिमान आहे. गुत्ता फोडलाच पाहिजे. पण गुत्ता फुटला तरी पिणाऱ्याची तलफ फुटत नाही. तो दुसऱ्या गावाला चालत जातो.

मग आम्ही विचारत फिरलो. एका डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर पहिल्या दोनतीन दिवसांत हातपाय कापतात, भास होतात, फिट येते, जीवही जातो. म्हणून त्याला कोंडून ठेवू नका, दवाखान्यात न्या. पुण्याला येरवड्यात मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला पैशाची मदत केली. तिथं ह्याला आजार म्हणतात, पाप म्हणत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, लोक ए.ए. म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुडे एकमेकांपुढं बसले, त्यातून हे निघालं. एक शेअरबाजारातला, दुसरा डॉक्टर. म्हणजे दारू फक्त अडाण्याला लागते असं नाही. फी नाही, सही-अंगठा नाही, आडनाव नाही. अट एकच, पिणं थांबवायची इच्छा पाहिजे.

आम्ही भावाला घेऊन शहरातल्या अशा एका बैठकीला गेलो. आम्ही दाराशी थांबलो, पण आत बसा म्हणाले, त्या दिवशी घरच्यांनाही परवानगी होती. पंधराएक माणसं होती, चहा होता. एक जण उठला, नाव सांगितलं, मी दारुडा आहे म्हणाला, आणि बायकोचे डोरले कसे विकले ते सांगितलं. कोणी हसलं नाही, कोणी उपदेश केला नाही. जन्मभर सोडतो असं कोणी म्हणत नाही. आजचा दिवस पिणार नाही, एवढंच म्हणतात. आमचा भाऊ तीन बैठका गप्प बसला. चौथ्या वेळी पावत्यांचं बोलला. आम्हाला जे कधी सांगितलं नव्हतं, ते परक्यांना सांगितलं.

पण बैठक सुटेपर्यंत शेवटची एस.टी. गेलेली असते. आम्ही स्टँडवर झोपलो आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडाली. असं किती दिवस चालेल?

म्हणून आमचं म्हणणं आहे, बैठक सुप्याला पाहिजे. सुपा पुणे-नगर रस्त्यावर आहे, एस.टी. मिळते. ए.ए.च्या रीतीनं, सोडू पाहणारे दोनतीन जण जमले तरी बैठक होते. भाऊ तयार आहे, आणखी एक जण तयार आहे. दिवसा, बाजाराच्या दिवशी घेऊ, म्हणजे खाडा पडणार नाही.

एक गोष्ट कार्यकर्त्यांसाठी. त्या खोलीत आपला झेंडा, पावती पुस्तक, घोषणा काही न्यायचं नाही. ए.ए. कोणत्याच चळवळीची बाजू घेत नाही. तिथं ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. तिथं सावकाराचा पोरगाही येईल. त्यालाही बसू द्यायचं.

बायांनो, तुमच्यासाठीही वेगळी बैठक असते, तिला अल्-अॅनॉन म्हणतात. नवऱ्यानं सोडली नाही तरी तुम्ही बसू शकता. आणि घरातली जमिनीची कागदं आजपासून तुमच्या ट्रंकेत ठेवा, किल्ली कमरेला.

जमीन परत मिळवायचा कायदा १९७४ साली झाला. पण नशेत दिलेला अंगठा सोडवायला वर्षं जातात. रान राखायचं तर राखणारा माणूस शुद्धीवर पाहिजे. आमचा भाऊ आज इथंच बसलाय, आजचा दिवस प्यायला नाही. कोण तो, ते विचारू नका. ज्याला त्याच्याशेजारी बसायचं असेल त्यानं रात्री चुलीपाशी आम्हाला गाठावं. नाव कोणी लिहून घेणार नाही.

जिंदाबाद!